टेर्नाचं पोट

मे महिन्यातही इथे हातमोजे लागतात.
नागू बेटावर, रूनारच्या आवारात,
लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलीय बाबांची होडी.
टेर्ना. म्हणजे कुररी.
फायबरची, सत्तावीस फुटी, एकोणीसशे चौऱ्याहत्तरची,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी
आणि लाड तिचेच जास्त.

रूनार म्हणाला, वरवर घासू नकोस.
पन्नास वर्षं जुन्यावर नवा चोपडत आलेत.
आता सगळा उतरव, पार अंगापर्यंत.
आणि पातं बोथट झालं की बदल,
बोथट पातं चिडतं, मग ओरबाडतं.

ताडपत्री अंथरली. मास्क चढवला.
उताणी पडून खरवडणी स्वतःकडे ओढली.
वरचा निळा माझ्या ओळखीचा,
मागच्या सप्टेंबरपर्यंत पाण्यात होता,
बाबा गेले त्या आठवड्यातही.
त्याखाली काळा. त्याखाली विटकरी.
मग पुन्हा निळा, पण दुसऱ्या दुकानातला.
मग एक हिरवट, कुणालाच न आठवणारा.
शेवाळाने, शिंपल्यांनी धरू नये म्हणून
प्रत्येकात तांब्याचं थोडं थोडं विष.
बाबा ते लाकडी काठीने ढवळायचे, शीळ घालत,
आणि मला म्हणायचे, लांब उभी राहा.
मी राहिले.

तिसऱ्या दिवशी खांदा उचलेना
तेव्हा कुठे राखाडी अस्तर लागलं.
इपॉक्सीचं. पाणी आत मुरू नये म्हणून.
मुरलंच होतं. मसुराएवढे फोड,
एक टोचला तर व्हिनेगरचा वास.
रूनारने खिशातून नाणं काढलं,
कलिंगड पारखावं तसा कान लावून
कण्याच्या कडेकडेने वाजवत निघाला.
टण. टण. टण. टण.
ठप्प.
तो थांबला. पुन्हा वाजवलं.
ठप्प.
इथे कुणीतरी काहीतरी केलंय, म्हणाला,
आणि कॉफी प्यायला निघून गेला.

अस्तराखाली ताटाएवढं ठिगळ.
काचेचं कापड वाकडं कापलेलं,
एका कोपऱ्यात राळेचा ओघळ,
ओघळात रुतलेली
पाइनची सुई.
आवारात पाइन नाही. इथे बर्च आहेत, पत्र्याची शेड आहे.
म्हणजे हे दुसरीकडे कुठेतरी,
लांबच्या एखाद्या खडकाळ बेटावर,
कुणा कोळ्याच्या रुळांवर ओढून, झाडाखाली, घाईत.

संध्याकाळी आईला फोन केला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, अठ्ठ्याऐंशीचा जुलै.
चार दिवस उशिरा आला. इंजिन, म्हणाला.
मी विचारलं, कोण आहे ती?
त्याने मान खाली घातली.
मला वाटलं, कबूल केलं.
ख्रिसमसपर्यंत मी त्याच्या ताटात वाढलं,
पण त्याच्याशी बोलले नाही.

माझे बाबा पायलट होते, समुद्रावरचे.
परदेशी जहाजांच्या कप्तानांशेजारी उभे राहून
तीस वर्षं सांगत आले, खडक इथे आहे, खडक तिथे.
दुसरी बाई आहे असं समजलेलं त्यांना चाललं.
पुढच्याच वसंतात सबंध पोटाला अस्तर दिलं,
स्वतः, एकट्याने, दोन रविवार खर्चून.
मी बारा-तेरा वर्षांची, लांब उभी.
वाटलं, किती जीव आहे यांचा होडीवर.

आई शनिवारच्या फेरीने आली,
वेलची घातलेले पाव घेऊन,
ऐंशी वर्षांची, गुडघ्यांना पट्टे बांधून.
टेर्नाखाली वाकली. बराच वेळ बघत राहिली.
माझ्याकडून नाणं मागून घेतलं.
टण. टण.
ठप्प.
गाढवा, म्हणाली. मला नाही, बॉर्येला.
मग हसू लागली, मग हसू थांबेना,
मग ते हसू आहे की काय, कळेना.

रूनार म्हणाला, ठिगळ पूर्ण काढावं लागेल,
कडेने उतार द्यायचा, नवं कापड बसवायचं,
पण आधी वाळू दे, निदान मिडसमरपर्यंत.
पस्तीस वर्षांचं पाणी एका दुपारी जात नाही.

आईने हात पुढे केला,
खरवडणी दे.
मास्क नको म्हणाली.
मी म्हटलं, विष आहे ते, घालावाच लागेल.
आणि तिच्या कानांमागे
रबर अडकवून दिलं.